अभ्यासिकेतील संगणकांवर डेबियन १३ : अडलेल्या इन्स्टॉलेशनच्या नोंदी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

लालबागमधील आमच्या अभ्यासिकेच्या अकरा संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याचे काम आजपासून हाती घेतले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबरला संपतो आहे. आमची यंत्रे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरची आहेत आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे ती वाट बंद आहे. वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात, परंतु त्याने प्रश्न सुटत नाही, वर्षभर पुढे ढकलला जातो. येथे बसणारी मुले स्पर्धा परीक्षांचे आणि भरतीचे अर्ज याच यंत्रांवरून भरतात, आधार क्रमांक टाकतात, शुल्क ऑनलाइन भरतात. अशा यंत्रांना सुरक्षा अपडेट्स मिळत नसतील तर ती मुलांच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत डेबियन १३ या लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर एकमत झाले. ही आवृत्ती ९ ऑगस्टला आली असून तिला एकूण पाच वर्षे आधार मिळणार आहे, आणि हार्डवेअरला लागणारे फर्मवेअर (वायफायसारख्या सुट्या भागांना चालवणारा छोटा प्रोग्राम) डेबियन १२ पासून मूळ इमेजमध्येच, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या फाईलमध्येच, येते, त्यामुळे वायफायसाठी वेगळी धावाधाव करावी लागत नाही.

मुलांच्या फायली ग्रंथपाल ताईंनी आधीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवल्या होत्या. इंटरनेट मध्येच गेले तरी काम थांबू नये म्हणून नेटवरून पॅकेजेस ओढणाऱ्या छोट्या नेटइन्स्ट इमेजऐवजी पूर्ण डीव्हीडी इमेज घेतली आणि डाउनलोड झाल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज (फाईलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तपासणीचा आकडा) डेबियनने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या.

सुरुवात क्रमांक १, ३ आणि ६ या यंत्रांपासून केली. तिन्हींवर सिस्टीमचा पाया बसवण्याचा टप्पा सुरू झाला, आणि एका ठराविक पॅकेजपाशी (प्रोग्रामच्या गठ्ठ्यापाशी) येऊन तो अडला. पडद्यावर लाल पट्टीत टप्पा फसल्याचा संदेश आला. दुसऱ्यांदा सुरू केले तरी तेच पॅकेज आणि तोच संदेश. अभ्यासिकेतील एका मुलाने विचारले, "दादा, विंडोज तर नीट चालत होतं ना? मग हे नवीनच बिघडलेलं असेल." प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर या नोंदींतून मिळावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून तो येथे लिहून ठेवतो.

रविवार, ५ ऑक्टोबर

तीन वेगवेगळी यंत्रे एकाच जागी अडतात तेव्हा यंत्रांकडे पाहण्याआधी तिघांत सामाईक काय आहे ते पाहावे. सामाईक होता तो पेनड्राइव्ह. इमेजची फाईल लॅपटॉपवर निर्दोष होती, पण पेनड्राइव्हवर उतरल्यानंतर ती तशीच राहिली आहे का, हे कोणी तपासले नव्हते. लिहून झाल्यावर लगेच पडताळणी केली तर लॅपटॉप ती माहिती स्वतःच्या रॅममधून वाचून दाखवतो आणि सारे काही ठीक दिसते. म्हणून पेनड्राइव्ह काढला, पुन्हा लावला, इमेजच्या लांबीइतकाच भाग परत वाचून त्याची बेरीज काढली. ती मूळ बेरजेपेक्षा निराळी आली. पुन्हा वाचल्यावर आणखी निराळी. पेनड्राइव्ह फूटपाथवरून घेतलेला होता. एफ३ या प्रोग्रामने त्याची क्षमता तपासली, तेव्हा वेष्टनावर छापलेल्या क्षमतेचा थोडाच भाग खरा निघाला.

दुसरा, खात्रीचा पेनड्राइव्ह घेऊन तीच पडताळणी केली आणि बेरीज जुळल्यावरच पुढे गेलो. डेबियनच्या इन्स्टॉलरच्या मुख्य यादीत माध्यमाची अखंडता तपासण्याची सोयही आहे. ती वेळ खाते, पण पहिल्या यंत्रावर एकदा तरी चालवावी. क्रमांक १, ३ आणि ६ दुपारपर्यंत पूर्ण झाले. संध्याकाळी ५, ८ आणि १० हेही विनातक्रार पार पडले.

उरलेली पाच यंत्रे वेगवेगळ्या तऱ्हेने कोसळत आहेत. चिटणीसांचे म्हणणे असे की सगळी पुन्हा एकदा फॉरमॅट करून पाहावीत. मी त्यांना थोडा धीर धरण्याची विनंती केली आहे. यापुढे प्रत्येक यंत्राच्या वहीत दोनच गोष्टी आधी लिहायच्या असे ठरवले: यंत्र नेमके कोठे कोसळले, आणि सुरू केल्यापासून किती वेळाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती बदलल्याची नोंद झाल्याशिवाय दुसरी बदलायची नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

क्रमांक ४. हे यंत्र दर वेळी निराळ्या जागी कोसळते. एकदा पाया बसवताना दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) माहिती बिघडल्याचा संदेश आला, एकदा इन्स्टॉलरचाच एक भाग सेगमेंटेशन फॉल्ट (रॅममधील चुकीच्या जागेला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडला, आणि एकदा तर इन्स्टॉलरचा मेनू येण्याच्याही आधी कर्नल पॅनिक झाले, म्हणजे सिस्टीमचा गाभाच थांबला. इन्स्टॉलर चालू असताना ऑल्ट आणि एफ४ दाबले की आतल्या घडामोडींची नोंद दिसते (चित्रमय इन्स्टॉलरमध्ये कंट्रोलही सोबत दाबावे लागते). ती नोंद पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय इन्स्टॉलरच्या मुख्य यादीत आहे. नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तर कोणत्याही दोन घटनांत एकही पॅकेज समान नव्हते.

पेनड्राइव्ह तोच, जो सहा यंत्रांवर नीट चालला. म्हणजे माहिती यंत्रात शिरेपर्यंत बरोबर आहे आणि आत गेल्यावर बिघडते आहे. अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्यावा. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम वेगळ्या पेनड्राइव्हवरून चालवला. आठ जीबीची एक फेरी तासाभराहून अधिक चालते, पण येथे पहिल्या फेरीतच लाल ओळी येऊ लागल्या. चूक प्रत्येक वेळी एकाच बिटची होती: लिहिला शून्य, वाचला एक. पत्तेही वरच्या चार जीबीच्या पट्ट्यातलेच होते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. हेच यंत्र विंडोजवर वर्षभर "नीट" कसे चालले? रॅममधला एक बिट उलटला आणि त्या जागी छायाचित्राचा ठिपका किंवा ब्राउझरमधील एखादे अक्षर असेल, तर कोणाला पत्ताही लागत नाही. फार तर टॅब बंद पडतो आणि आपण तो पुन्हा उघडतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी मात्र शेकडो दाबलेली पॅकेजेस एकामागून एक रॅममध्ये येतात, उलगडली जातात, आणि दाबलेल्या माहितीत एक बिट जरी हलला तरी पुढचा सारा उलगडा विसकटतो. शिवाय प्रत्येक पॅकेजसोबत त्याची बेरीज असते, त्यामुळे ही गडबड झाकून राहत नाही. मला तर इन्स्टॉलेशन हीच जुन्या यंत्राची सर्वांत कठोर तपासणी वाटते. ताईंनी त्यांच्या जुन्या नोंदवहीतून दाखवले की या क्रमांक ४ वरच मुलांचे पीडीएफ "करप्ट" होत असल्याच्या तक्रारी वरचेवर आलेल्या आहेत. तेव्हा पेनड्राइव्हला दोष दिला गेला होता.

रॅमच्या दोन पट्ट्या आणि चार खाचा. एक पट्टी काढून दुसरी एकटी पहिल्या खाचेत तपासली, मग पट्ट्यांची अदलाबदल केली, मग खाच बदलली. चूक पट्टीबरोबर फिरली, खाचेबरोबर नाही. दोष पट्टीचाच, हे ठरले. ती पट्टी बाजूला काढून तिच्यावर लाल चिकटपट्टी लावली, म्हणजे ती चुकूनही दुसऱ्या यंत्रात जाणार नाही. उरलेल्या चार जीबीवर डेबियन सरळ बसले.

रविवार, १२ ऑक्टोबर

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला जाऊन डीडीआर३ ची चार जीबीची पट्टी आणली. जुन्या रॅमच्या खरेदीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काही मोठ्या डीडीआर३ पट्ट्या केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या बोर्डावर त्या लावल्या तर यंत्र सुरूच होत नाही, आणि दोष बोर्डाचा वाटतो. दुकानदारांना आपल्या प्रोसेसरची पिढी सांगितली आणि त्यांच्याच टेबलावर इंटेलच्या बोर्डात पट्टी लावून दाखवण्याची विनंती केली. त्यांनी ती आनंदाने मानली. रात्री मेमटेस्ट लावून ठेवला आहे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळीमुळे मध्ये काम थांबले होते. क्रमांक ४ चा मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ गेला आणि यंत्र मुलांच्या वापरात आले.

आजचा दिवस क्रमांक ७ चा. या यंत्राच्या नोंदी वाचताना लक्षात आले की कोसळण्याची जागा दर वेळी वेगळी असली तरी वेळ जवळजवळ ठरलेली आहे: थंड यंत्र सुरू केल्यावर बारा-तेरा मिनिटांनी ते एकाएकी बंद होते, पडद्यावर कोणताही संदेश येत नाही. आणि लगेच पुन्हा सुरू केले तर तीन-चार मिनिटांतच बंद होते. ही लक्षणे उष्णतेची आहेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत दुपारी वारा म्हणून नसतो, आणि हे यंत्र भिंतीला टेकून, मागची जाळी बंद होईल असे ठेवलेले होते.

झाकण उघडले. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. याहून महत्त्वाची गोष्ट दिसली ती धूळ काढल्यावर. इंटेलचा मूळ कूलर चार प्लास्टिकच्या खिळ्यांनी बोर्डावर दाबून बसवलेला असतो. त्यांपैकी एका खिळ्याचे टोक बोर्डाच्या खाली अडकलेलेच नव्हते, त्यामुळे कूलर त्या कोपऱ्यात किंचित उचललेला होता. कूलर काढला तेव्हा थर्मल पेस्टचा थर तीन कोपऱ्यांत पसरलेला आणि चौथ्या कोपऱ्यात जाड, वाळून भेगाळलेला दिसला. प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचला की आपला वेग आपणच कमी करतो. तरीही तापमान वाढतच राहिले तर तो स्वतःला वाचवण्यासाठी सरळ वीज तोडतो. म्हणूनच संदेश येत नाही: संदेश लिहायला कोणी जागे राहिलेलेच नसते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसली, नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब मधोमध ठेवला आणि खिळे समोरासमोरच्या जोडीने दाबले. बोर्डाच्या मागून चारही टोके बाहेर आलेली डोळ्यांनी पाहून मगच झाकण लावले. इन्स्टॉलेशन पूर्ण झाले. त्यानंतर सर्व कोअरवर अर्धा तास भार टाकून पाहिला, तेव्हा तापमान सत्तरीच्या पुढे गेले नाही. सर्व यंत्रे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहेत आणि ती तशीच राहतील याकडे ताई लक्ष ठेवणार आहेत.

रविवार, २६ ऑक्टोबर

क्रमांक ९ चे प्रकरण लवकर मिटले. इन्स्टॉलचा पर्याय निवडताच पडदा काळा व्हायचा आणि सगळे "हँग" झाल्यासारखे वाटायचे. अशा वेळी कीबोर्डवरचे नम लॉक दाबून पाहावे. दिवा लागतो-विझतो आहे तर यंत्र जिवंत आहे, फक्त पडदा गेला आहे. येथे दिवा लागत होता. या यंत्रात कोणीतरी पूर्वी एनव्हिडियाचे एक जुने ग्राफिक्स कार्ड बसवले होते आणि कर्नलमधील नूवो ड्रायव्हरचे त्याच्याशी जुळत नव्हते. ग्रबच्या (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द जोडला, तसा पडदा आला. पण हा तात्पुरता उपाय आहे, त्यात पडद्याची कामगिरी कायमची मंद राहते. अर्ज भरण्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, म्हणून कार्डच काढून टाकले आणि मॉनिटरची केबल बोर्डावरच्या जागी लावली.

क्रमांक २ वर इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत होते, पण पुन्हा सुरू केल्यावर यंत्राला डिस्कवर काहीच सापडत नाही. घड्याळ पाहिले तर ते कित्येक वर्षे मागे गेलेले. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मल्टीमीटरवर तीन व्होल्टऐवजी दोनच्याही खाली होता. सेल मेला की प्लगमधून वीज काढताच बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरील प्रोग्रामच्या) साऱ्या मांडण्या मूळपदावर जातात. या बोर्डाचे मूळपद म्हणजे यंत्र सुरू करण्याची जुनी लेगसी पद्धत, आणि डेबियन बसले होते नव्या यूईएफआय पद्धतीने. सेल बदलला, मांडणी यूईएफआयवर आणली. तरीही यंत्र डेबियन ओळखेना, कारण या काळातील काही बोर्डांचे फर्मवेअर विंडोजची नोंद सोडून दुसरी नोंद मानतच नाही. यावर डेबियनच्या एक्स्पर्ट पद्धतीत उपाय आहे: ग्रबची एक प्रत काढता येण्याजोग्या माध्यमांसाठी राखलेल्या ठरीव जागी टाकू का, असे तो विचारतो, त्याला हो म्हणायचे. त्यानंतर यंत्र निमूटपणे सुरू झाले.

शनिवार, १ नोव्हेंबर

उरले क्रमांक ११. याची वही सर्वांत गोंधळाची आहे. जागा ठरलेली नाही, वेळही ठरलेली नाही. मेमटेस्ट रात्रभर निर्दोष चालतो. तापमान साठीच्या आत. पेनड्राइव्ह खात्रीचा. तरीही डिस्कवर जोरात लिहिणे सुरू झाले की यंत्र अचानक रिस्टार्ट होते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते तो स्मार्ट अहवाल काढला. नव्याने नेमलेल्या सेक्टरांची संख्या आणि प्रलंबित सेक्टरांची संख्या दोन्ही शून्य, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग ठीक आहे. मात्र सीआरसी चुकांचा आकडा मोठा होता आणि कामाच्या दरम्यान वाढतही होता. हा आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर माहिती बिघडल्याचा असतो. साटाची केबल बदलली. आकडा वाढायचा थांबला, पण रिस्टार्ट थांबले नाहीत. म्हणजे या यंत्रात दोन दोष एकत्र राहत होते, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम पाळल्यामुळेच ते वेगळे करता आले.

संध्याकाळी एसएमपीएसकडे, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, वळलो. मल्टीमीटर बारा व्होल्टच्या पिवळ्या तारेला लावून इन्स्टॉलेशन सुरू केले. यंत्र स्वस्थ असताना वाचन ११.८ होते, प्रोसेसर आणि डिस्क दोघेही कामाला लागताच ते ११.२ पर्यंत घसरले आणि त्याच क्षणी यंत्र रिस्टार्ट झाले. एटीएक्स मानकाप्रमाणे या तारेवर पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. मेमटेस्टमध्ये डिस्क स्वस्थ बसलेली असते, म्हणून ती रात्र निर्धोक गेली.

एसएमपीएस वीज काढल्यावरही आत भार धरून ठेवतो, तेव्हा तो उघडू नये. वरच्या जाळीतून टॉर्च टाकून पाहिले, तर दोन कपॅसिटरांची टोपणे फुगलेली आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी ओघळ दिसला.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट हाती आली आणि ती मला संगणकांपेक्षाही गंभीर वाटते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. मुलांना याची सवय झाली होती. भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंगचे भोक होते, पण त्यामागे तारच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल या दोघांनाही पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या दाबावर, म्हणजे २३० पैकी सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण फिल्टर बिघडला तर तोच पत्रा धोक्याचा होतो. त्या रांगेतील यंत्रे मी लगेच बंद केली आणि चिटणीसांना फोन केला.

रविवार, २ नोव्हेंबर

परवानाधारक वायरमन काकांना बोलावले. चाळीची वायरिंग जुनी. खोलीतल्या चार सॉकेटांपैकी दोनच अर्थिंगला जोडलेली निघाली. काकांनी मीटरच्या खोलीपासून स्वतंत्र हिरवी तार ओढून चारही सॉकेटे जोडली आणि बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. नंतर प्रत्येक कॅबिनेटचा पत्रा मल्टीमीटरने तपासला. सगळीकडे वाचन नगण्य आले. खर्चाला चिटणीसांनी एका शब्दात मान्यता दिली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

शनिवार, ८ नोव्हेंबर

क्रमांक ११ ला नवा एसएमपीएस बसवला. भाराखाली बारा व्होल्टची तार ११.९ च्या खाली आली नाही आणि डेबियन एका दमात बसले.

सर्व अकरा यंत्रांवर मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक सुरू केला, प्रिंटर जोडला आणि सुरक्षा अपडेट्स आपोआप येतील अशी व्यवस्था केली. दुपारी त्याच मुलाने क्रमांक ४ वर बसून आपला अर्ज भरला आणि पीडीएफ उतरवून घेतली. ती नीट उघडली, हे त्याने स्वतःहून येऊन सांगितले. मी त्याला लाल चिकटपट्टी लावलेली रॅम दाखवली आणि मेमटेस्टच्या पडद्याचे टिपून ठेवलेले छायाचित्रही. शून्याच्या जागी आलेला तो एक बिट त्याने बराच वेळ पाहिला आणि पुढच्या वेळी तपासणीला थांबण्याची तयारी दाखवली.

प्रत्येक यंत्राची वही त्याच्या कॅबिनेटवर पिशवीत ठेवली आहे. खात्रीचा पेनड्राइव्ह, मेमटेस्टचा पेनड्राइव्ह आणि दोन सीआर२०३२ सेल ताईंच्या कपाटात आहेत. जुना एसएमपीएस आणि सदोष रॅम ई-कचऱ्यासाठी वेगळी काढली आहेत. क्रमांक ८ चा पंखा आवाज करू लागला आहे. तो पुढच्या शनिवारी उघडायचा आहे.